भाऊंच्या प्रयत्नाने

महाडहून बिरवाडीकडे निघालात की औद्योगिक वसाहत सुरू व्हायच्या आधी भाऊ सुरू होतात. हायमास्ट दिव्याच्या खांबावर भाऊ, एसटीच्या निवाऱ्यावर भाऊ, स्मशानाच्या शेडवर भाऊ, आणि चेहऱ्याखाली मजकूर सगळीकडे एकच: 'भाऊंच्या प्रयत्नाने'. खांब सरकारचा, वीज महावितरणची, पैसा जिल्हा नियोजनचा; प्रयत्न तेवढा भाऊंचा. स्मशानातल्या शेडखाली या पाटीचा अर्थ जरा भलताच लागतो, पण तिथे नेलेल्या माणसानं अजून तरी तक्रार केलेली नाही.

भाऊ हा कुणी एक माणूस नव्हे. महाड-पोलादपूर पट्ट्यात दर ग्रामपंचायतीला एक आणि वसाहतीला लागून असलेल्या गावांत दोन-दोन, असं हे पीक आहे. कुठे त्याला शेठ म्हणतात, कुठे दादा, कुठे आबा, अप्पा. आमच्याकडे नात्यातलं एखादं नाव चिकटल्याशिवाय पुढारी होता येत नाही. नुसत्या नावानं हाक मारली जाते तो मतदार.

भाऊंचा शर्ट पांढरा असतो. रसायनांच्या पट्ट्यात सकाळचा पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत पांढरा ठेवणं सोपं नाही, म्हणून गाडीत मागच्या काचेजवळ हँगरला दुसरा लटकत असतो. खिशात दोन फोन. एक जनतेचा, तो लागत नाही. दुसरा साहेबांचा. तो वाजला की भाऊ बसल्या जागेवरून उठून उभे राहतात. पलीकडच्याला दिसत नाही, तरी उभे राहतात. एकदा सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना असेच ताडकन उठले आणि गालाला वस्तरा लागला. ती खूण अजून आहे. भाऊ ती आंदोलनातल्या लाठीमाराची म्हणून दाखवतात.

त्यांची कारकीर्द कंपनीच्या गेटवर सुरू झाली. बिरवाडी, नांगलवाडी, जिते, आसनपोई या बाजूच्या जमिनी वसाहतीला गेल्या, त्यात भाऊंच्या घरचाही तुकडा होता. पैसे आले तसे गेले, हातात प्रकल्पग्रस्ताचा दाखला राहिला. तो घेऊन भाऊ नोकरी मागायला एका कंपनीच्या गेटवर एकटे गेले. वॉचमननं वहीत नाव लिहून घेतलं आणि उन्हात उभं केलं. दुसऱ्या खेपेला वाडीतली तीस-चाळीस पोरं बरोबर नेली. तेव्हा खुर्ची आली. खुर्चीमागून चहा आला, चहामागून एचआरचे साहेब स्वतः आले आणि म्हणाले, "बसा ना भाऊ." भाऊ हे नाव आईबापांनी ठेवलेलं नाही, त्या साहेबांनी ठेवलं.

नोकरी भाऊंनी पुढे कधी केलीच नाही. चाळीस पोरांतली दहा-बारा कामाला लागली, तीही कंत्राटावर, आणि कंत्राट मेव्हण्याच्या नावानं निघालं. मग टँकर आला, जेसीबी आला, कंपनीच्या बागेचं काम आलं, कॅन्टीन आलं. सगळ्यांत शेवटी, देवाच्या मनात आलं तेव्हा, भंगार आलं. भंगार हा शब्द आमच्या वसाहतीत हळू आवाजात आणि आदरानं उच्चारतात. टँकरवाला सदस्य होऊ शकतो, पण सरपंच व्हायचं तर भंगाराचा ठेका लागतो. असा कायदा नाही, पण कायद्यापेक्षा नीट पाळला जातो.

स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या द्याव्यात हे महाराष्ट्र शासनाचं धोरण १९६८ पासूनचं आहे. शासनाच्या लेखी १५ वर्षं महाराष्ट्रात राहिलेला माणूस स्थानिक. भाऊंची व्याख्या याहून काटेकोर आहे. ज्याच्या घरात चार मतं आहेत आणि चारही गावच्या यादीत आहेत तो स्थानिक. मतं मुंबईच्या यादीत असतील तर तो चाकरमानी. तो गणपतीत आणि शिमग्यात स्थानिक, एरवी देणगीदार. एचआरचे साहेब शासनाची व्याख्या दाखवतात, भाऊ आपली दाखवतात, आणि दोन्हींच्या मधून उत्तरेकडचा कुणीतरी पोरगा सकाळच्या पाळीला आत जातो, कारण तो ओव्हरटाइमला नाही म्हणत नाही आणि शिमग्याची रजा मागत नाही.

वसाहतीला एक वास आहे. तो दिवसा कमी आणि रात्री जास्त येतो. पाहुण्यांना आधी येतो, आम्हाला ते नाक मुरडायला लागले की आठवतो. भाऊंनी या वासावर अनेक आंदोलनं केली. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या महाडच्या कार्यालयात निवेदन दिलं, प्रांतांच्या दारात उपोषणाला बसले, सामुदायिक सांडपाणी केंद्रातून सावित्रीच्या खाडीत काय जातं याचा जाब विचारला. मंगळवारी निवेदन द्यायचं आणि बुधवारी त्याच कंपनीत आपला टँकर घालायचा, हे भाऊंना जमतं. यावर लोक हसतात. मीही हसलो होतो, आणि तसं त्यांना विचारलंही होतं.

"वास येतो म्हणजे प्लांट चालू आहे," भाऊ म्हणाले. "वास बंद झाला की पोरं घरी बसतात. मग तीच पोरं माझ्या ओटीवर येतात. आता सांगा, मी वासाच्या बाजूनं का विरुद्ध?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तालुक्यात कुणापाशी असेल असं वाटत नाही. खाडीतल्या मासेमारीवर जगणाऱ्या कोळ्याला विचारलं असतं तर त्यानं चटकन दिलं असतं, पण भाऊंच्या ओटीवर त्याचं येणं होत नाही. तो दुसऱ्या भाऊंच्या वॉर्डात राहतो.

भाऊंचं खरं हत्यार म्हणजे लेटरपॅड. डाव्या समासात पदांची उतरंड असते: माजी उपसरपंच, माजी सरपंच, माजी सदस्य पंचायत समिती, अध्यक्ष अमुक क्रीडा मंडळ, सल्लागार तमुक पालखी उत्सव. यादी इतकी लांबते की मजकुराला उजवीकडे बोटभर जागा उरते. मजकूरही ठरलेला: सदर इसम माझ्या चांगल्या परिचयाचे असून गरीब व होतकरू आहेत, तरी योग्य ते सहकार्य व्हावे. दोन डंपर आणि एक लॉज असलेला माणूसही या पत्रात गरीब आणि होतकरूच असतो.

पत्र कशासाठी लागतं? उताऱ्यासाठी लागतं, रेशनकार्डात सुनेचं नाव घालायला लागतं, निराधार योजनेचे अडकलेले पैसे सोडवायला लागतं, पोराच्या दाखल्याला लागतं. यातली एकही गोष्ट देणं भाऊंच्या हातात नाही, आणि नाकारणं खरं तर कुणाच्याच हातात नाही. सगळं कायद्यानं ज्याचं त्याला मिळायचंच आहे. पण पोलादपूरच्या एखाद्या वरच्या वाडीतून बाई सकाळच्या एसटीनं उतरते, खिडकीशी जाते, तेव्हा साहेब मीटिंगला अलिबागला गेलेले असतात. अलिबाग शंभरावर किलोमीटर. साहेब उद्या येतील. उद्या म्हणजे पुन्हा भाडं, पुन्हा बुडालेली मजुरी. त्यापेक्षा भाऊंचं पत्र स्वस्त पडतं. हक्काची वस्तू उपकार म्हणून घरपोच करणं, हा भाऊंचा मूळ धंदा. टँकर आणि भंगार हे जोडधंदे.

अशा जोरावर भाऊ ग्रामपंचायतीत गेले. वसाहतीतली ग्रामपंचायत म्हणजे एरवीच्या कोकणातल्या ग्रामपंचायतीसारखी दोन खोल्या आणि एक शिपाई नव्हे. तिला कंपन्यांचा कर मिळतो, तिच्याकडे कारखानदारांच्या गाड्या येतात. कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर घालावे लागतात, त्या सीएसआरच्या वह्या शाळेत येतात. वह्या कंपनीच्या, पाठीमागे पाढे सरकारी, पुढे फोटो भाऊंचा. पहिलीतल्या पोरांना बरेच दिवस वाटत होतं की ग गणपतीचा आणि भ या माणसाचा.

सरपंच निवडायची पद्धत महाराष्ट्रात सरकारागणिक बदलते. २०१७ साली थेट जनतेतून आणली, २०२० साली पुन्हा सदस्यांकडे दिली, २०२२ साली परत जनतेकडे नेली. भाऊंना सदस्यांतून निवड आवडते, कारण तिला सहल जोडलेली असते. अविश्वासाचा ठराव आला की सात-आठ सदस्य गाडीत घालायचे आणि पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला न्यायचे. मतदानाच्या सकाळपर्यंत स्ट्रॉबेरी, थंडी, आणि फोन बंद. आमच्या तालुक्याची राजकीय भरभराट या घाटावर चालते. दीड-दोन तासांत सदस्य दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या हवेत. जून २०२२ मध्ये आमदार सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले तेव्हा सारा महाराष्ट्र टीव्हीला खिळला होता. भाऊ मात्र एकटेच बेफिकीर होते. "एवढं लांब कशाला? घाटात रेंज नसते, तेवढ्यानं भागतं," म्हणाले.

पुढची पायरी पंचायत समिती, त्यापुढची जिल्हा परिषद. तिथे पोचेपर्यंत गटाला महिला आरक्षण पडलं. २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, तरी प्रत्येक सोडतीला भाऊंना धक्का बसतो. दोन दिवस ते घरात बसले. तिसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला: सौ. वहिनी, हात जोडून, आणि त्यांच्या मागे दुप्पट मोठे भाऊ, तेही हात जोडून. वहिनींनी तो फ्लेक्स पाहून एवढंच विचारलं, "माझा फोटो कुठल्या लग्नातला घेतलात?"

वहिनी निवडून आल्या. सुरुवातीला त्या सही करायच्या आणि भाऊ बोलायचे. अलिबागच्या बैठकीत भाऊ मागच्या खुर्चीवर बसून पुढे वाकायचे. एक दिवस अध्यक्षांनी त्यांना बाहेर काढलं. त्या दिवसापासून वहिनींना बोलावं लागलं, आणि तिथे त्या साकवाची गोष्ट घडली.

साकव म्हणजे डोंगरातल्या पऱ्यावरचा छोटा पादचारी पूल. भाऊंच्या गटातल्या एका वाडीला तो हवा होता. पावसात पऱ्याला पाणी चढलं की वाडीतली पोरं चार-चार दिवस शाळेला मुकायची, आणि बाळंतीण अडली तर तिला डोलीतून, पाण्यातून काढायची. या साकवाचं भूमिपूजन भाऊंनी सरपंच असताना केलं. पंचायत समितीत गेल्यावर दुसऱ्यांदा केलं. जिल्हा परिषदेच्या प्रचारात, वहिनींच्या हस्ते, तिसऱ्यांदा केलं. कुदळ तीच, तिला रिबीन नवी. खड्डाही तोच. तो दर पावसात बुजायचा आणि दर निवडणुकीत खणला जायचा. वाडीतली एक म्हातारी तिसऱ्या वेळी नारळ हातात घेऊन म्हणाली, "बाबा, आता ह्याचा साकव नको करू. विहीर कर. अर्धी खणून झालीय."

आता, आमच्या भागाला पूल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महामार्गावरचा सावित्रीचा जुना दगडी पूल पुरानं नेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि ५ जून २०१७ला त्यावरून वाहतूक सुरू झाली. म्हणजे मनात आणलं तर पूल होतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तोच महामार्ग चौपदरी करायचं काम २०११ साली सुरू झालं आणि त्यावर आजवर किती सरकारं घसरली, हेही पाहिलं. मी भाऊंना त्या १६५ दिवसांची आठवण करून दिली. "तो नॅशनल हायवेचा पूल," ते शांतपणे म्हणाले. "त्याला दिल्ली आहे. आपल्या साकवाला मीच आहे."

वहिनींनी काय केलं, तर जेवणाचा डबा घेऊन बांधकाम उपविभागात जाऊन बसल्या. उपअभियंता साइटवर गेलेत म्हणाले, तर त्या तिथेच थांबल्या. दुपारी डबा उघडला, कारकुनांनाही घावनं वाढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यांना राजकारण येत नसल्यामुळे 'फाइल प्रोसेसमध्ये आहे' याचा अर्थ त्या खरंच विचारत राहिल्या: कुठल्या टेबलावर, कुणापाशी, आणि ते कधी सही करणार. या प्रश्नांना कचेरीत उत्तर तयार नव्हतं, कारण भाऊंनी ते कधी विचारले नव्हते. भाऊ 'बघा जरा' एवढंच म्हणायचे आणि साहेबही बघायचे. मे महिन्यात साकव उभा राहिला. त्यावर पाटी कुणाची लागली हे सांगायला नको. वहिनींना मी त्याबद्दल छेडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाटी लावू दे की. त्यांना तेवढंच लिहिता येतं."

एका बाबतीत मात्र भाऊंना माप पुरं घालायला हवं. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेलं, बाजारपेठेत पहिल्या मजल्याला पाणी लागलं, तळिये गावावर दरड आली, त्या दिवसांत भाऊ कुठल्याही नकाशात न बसणारी कामं करत फिरले. कुठल्या कंपनीच्या गोदामात दोर आहेत, कुणाचा पंप चालू आहे, कुठला ट्रॅक्टर उंचावर उभा आहे, कुणाच्या घरात कोण आजारी आहे, हे त्यांच्या डोक्यात होतं. वर्षानुवर्षं गेटवर बसून आणि दहाव्या-बाराव्यांना जाऊन जमवलेली ही माहिती. प्रशासनाकडे यादी होती, भाऊंकडे माणसं होती. त्या आठवड्यात त्यांचा शर्ट चिखलाच्या रंगाचा होता आणि जनतेचा फोन लागत होता. फ्लेक्स लागला, नाही असं नाही, पण तो दीड महिन्यानं, गणपतीत.

दर वर्षी २० मार्चला भाऊ चवदार तळ्यावर जातात. हार घालतात, फोटो काढून घेतात, गर्दीत वाट करून देतात. १९२७ साली त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे ओंजळ भरली, हे त्यांना ठाऊक आहे. त्या वेळचे महाडचे नगराध्यक्ष कोण होते, हे ठाऊक नव्हतं. सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला, त्याला धरून महाड नगरपालिकेनं १९२४ साली ठराव करून तळं खुलं केलं, आणि ते कागदावरचं खुलेपण खरं करायला परिषद भरली तिच्यामागे सुरबानाना उभे होते. सनातन्यांच्या दडपणाखाली नगरपालिकेनं पुढे तो ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला. त्याच साली सुरबानाना बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई प्रांताच्या विधानसभेत निवडून गेले. म्हणजे नगरपालिकेतून प्रांतात, भाऊंना जायचं आहे त्याच वाटेनं.

भाऊंनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, "ठराव कधीचा? चोवीसचा? आणि पाणी प्यायले सत्तावीसला. तीन वर्षं फाइल पडून होती म्हणा की. मला सांगितलं असतं तर मी केलं असतं काम."

केलं असतं, यात शंका नाही. भाऊंनी प्रत्येकाला पत्र दिलं असतं. तळं सर्वांना खुलं झालं नसतं, पण भाऊंचं पत्र घेऊन जाणाऱ्याला हंडाभर पाणी मिळालं असतं, आणि पत्राची मुदत पुढच्या निवडणुकीपर्यंत असती.

विधानसभेचं स्वप्न भाऊंना अधूनमधून पडत नाही, कायम पडलेलंच असतं. ते उगाच नाही. जिल्ह्याच्या आंबेत गावचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले आणि १९८१ साली त्यांनी कुलाब्याचा रायगड करून टाकला. भरत गोगावले जिल्हा परिषदेच्या पायरीवरून २००९ साली महाडचे आमदार झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये मंत्री. शिडीला वरचं टोक आहे हे दिसल्यामुळे खालच्या पायरीवर दाटी फार होते. महाड, पोलादपूर आणि माणगावचा काही भाग मिळून १९४ क्रमांकाचा मतदारसंघ होतो. यातल्या प्रत्येक भाऊंना तो पाठ आहे, काहींच्या गाडीचा नंबर तोच आहे.

पण भाऊंची विधानसभेतली कारकीर्द आहे, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. ती अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सुरू होते आणि अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता संपते. २०२४ साली हे दोन दिवस २९ ऑक्टोबर आणि ४ नोव्हेंबर होते. मधे सगळी दिवाळी. वरच्या नेत्यांना फराळ गोड लागू नये यासाठी याहून चांगला मुहूर्त आयोगालाही पुन्हा सापडणार नाही.

या दिवसांत भाऊ म्हणजे अधिकृत उमेदवाराच्या घशात अडकलेलं माशाचं हाड. पक्षानं एबी फॉर्म दिला नाही, म्हणून अपक्ष. दहा हजार अनामत भरलेली, ढोल वाजलेले, 'आता माघार नाही' असं माइकवर सांगून झालेलं. जनतेचा फोन बंद, साहेबांचा फोन चार्जिंगला. नरकचतुर्दशीला जिल्ह्याचे नेते येऊन चकली खाऊन जातात. लक्ष्मीपूजनाला मुंबईहून फोन येतो. भाऊ उभे राहून 'नाही' म्हणतात. पाडव्याला पुन्हा येतो. उभे राहून 'बघतो' म्हणतात. भाऊबीजेला ते दिसतच नाहीत, बहिणी ताटं घेऊन बसून राहतात. आणि चार तारखेला पावणेतीनला प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या चढतात, डोळ्यांत पाणी, कार्यकर्त्यांच्या खांद्यावर हात: "साहेबांचा शब्द मोडता आला नाही."

शब्द कशाचा मिळाला, यावर महिनाभर पैजा लागतात. महामंडळ, असं भाऊ सुचवतात. कुठलं ते सांगत नाहीत. निवडणूक होते, सरकार बसतं, मंत्री शपथ घेतात, महामंडळांच्या याद्या तयार होऊन पुन्हा पुन्हा लांबतात, आणि एका सकाळी भाऊंच्या हाती पत्र पडतं: विशेष कार्यकारी अधिकारी. म्हणजे कागदांच्या नकला खऱ्या आहेत म्हणून शिक्का मारायचा अधिकार. भाऊ दोन दिवस उदास असतात. मग शिक्का करून आणतात, नवं लेटरपॅड छापून घेतात, आणि ओटीवरच्या रांगेत आता दाखल्यांच्या झेरॉक्स घेऊन उभी असलेली पोरंही दिसू लागतात. धंदा वाढला, एवढंच.

भाऊंचा एक भाचा कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. गेल्या मे महिन्यात तो आला होता तेव्हा ओटीवर तिकडच्या राजकारणाची बैठक बसली. तिकडेही अशीच वाट आहे, तो सांगत होता. आधी महापालिका, मग प्रांत. ओंटारियोचा मुख्यमंत्री डग फोर्ड २०१० साली टोरंटोच्या महापालिकेत नगरसेवक झाला आणि २०१८ साली प्रांताचा मुख्यमंत्री. त्याच्या घरचा धंदा लेबलं छापायचा.

"म्हणजे फ्लेक्सवालाच की!" भाऊ सावरून बसले. देश त्यांना आवडू लागला होता.

भाच्यानं पुढे सांगितलं की तिथल्या नगरपालिकांच्या निवडणुकांत पक्ष नसतात. चिन्ह नाही, झेंडा नाही, मतपत्रिकेवर नुसतं नाव.

"पक्षच नाही?" भाऊ म्हणाले. "मग माणूस फुटतो कुठून?"

"फुटत नाही, मामा."

भाऊंनी हा विषय तात्पुरता बाजूला ठेवला आणि मुद्द्याचं विचारलं. अर्ज भरायची शेवटची तारीख आणि मागे घ्यायची तारीख यांत किती दिवस सोडतात? भाच्यानं फोनवर शोधून वाचलं. महापालिकेच्या निवडणुकीत अर्ज भरायचा शेवटचा दिवस, दुपारी दोन. अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस, तोच. वेळ, तीच.

"आणि मधले दिवस?"

"मधले दिवसच नाहीत."

ओटीवर कुणी बोललं नाही. वहिनी चहाचे कप उचलायला आल्या होत्या, त्याही थांबल्या. भाऊंनी बराच वेळ पंख्याकडे पाहिलं, मग भाच्याच्या पाठीवर हात ठेवून कळवळून म्हणाले, "परत ये रे बाबा. किती दिवस राहशील असल्या मागासलेल्या देशात?"